समुद्रसपाटीपासून जवळीक

आमच्या घरात सध्या कोणी कोणाला काय म्हणायचं, याचा ताळमेळ राहिलेला नाही. याचं मूळ भाचा. भाचा आयटीआय झालेला फिटर आहे आणि त्याला जर्मनीला जायचं आहे. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगार पाठवण्याचा करार केला आणि नागापूरच्या एमआयडीसीत टपरीटपरीवर जर्मन भाषेचे जाणकार उगवले. "सोपी आहे हो, फक्त घसा साफ पाहिजे," असं एक जण मला छातीठोकपणे सांगून गेला. भाचा क्लाससाठी श्रीगोंद्याहून आमच्याकडे राहायला आला. बॅग त्याने कोपऱ्यात टाकली आणि व्याकरण आमच्या अंगावर.

"जर्मनमध्ये 'तू'ला 'डू' म्हणतात आणि 'तुम्ही'ला 'झी'," त्याने पहिल्याच दिवशी जाहीर केलं.

"झीच लावलंय," आई टीव्हीकडे बोट दाखवून म्हणाली. "गप बस आता, मालिका सुरू झाली."

भाच्याने तरी समजावून सांगितलं. डू कोणाला म्हणायचं? देवाला, लहान मुलांना, कुत्र्यामांजरांना आणि घरच्या माणसांना. बाकी झाडून सगळे झी. 'झी'वरून 'डू'वर यायचं असेल तर तशी रीतसर विचारणा करावी लागते. ती वयाने किंवा हुद्द्याने मोठ्या माणसाने करायची. धाकट्याने वाट बघायची. कधीकधी वर्षानुवर्षं.

"आणि नवऱ्याला?" स्वयंपाकघरातून प्रश्न आला.

"डू, मामी. तिकडे 'अहो' वगैरे काही नाही."

हिने या वयात नवी भाषा शिकायचं मनावर घेतलं ते त्या क्षणी. तासाभरात मला हाक आली, "डू! गिरणीतून दळण आण." जर्मन क्रियापदं तिला येत नसल्यामुळे पुढचं मराठी होतं, पण 'डू'मुळे त्यातला 'आणा' गळून पडला होता. मी दळण आणलं. भाषेच्या प्रसारासाठी माणसाने थोडं सोसावं.

तसं बघितलं तर आपला हिशेबही कमी गुंतागुंतीचा नाही. आईला 'ए आई' आणि वडिलांना 'अहो दादा'. विठ्ठलाला 'तू' आणि तलाठ्याला 'तुम्ही'; कारण विठ्ठल सातबारा अडवत नाही. रस्त्यावरचा पोलीस आपल्याला 'अरे ए' म्हणतो आणि आपण त्याला 'साहेब' म्हणतो. जर्मनीत पोलिसाला 'डू' म्हटलं तर अपमानाचा खटला होऊ शकतो. डीटर बोहलन नावाच्या तिकडच्या प्रसिद्ध गायकावर तो झालाही. २००६ साली हाम्बुर्गच्या न्यायालयाने त्याला सोडून दिलं, कारण हा माणूस सगळ्यांशी तसाच बोलतो. हा बचाव आमच्याकडे कोणी केला तर अर्ध्या नगर जिल्ह्याची निर्दोष सुटका करावी लागेल.

शिवाय मराठी 'तुम्ही' हा दिसतो तितका सरळ नाही. मुलगा रात्री उशिरा घरी आला की त्याला आई म्हणते, "या! आलात का गाव हिंडून?" या आदराने मुलाच्या पोटात गोळा येतो. आमची ही मला रोज 'अहो' म्हणते, पण "तुम्हाला काय कळतंय त्यातलं, तुम्ही बसा" यातला 'तुम्ही' कोणत्याही 'तू'पेक्षा खाली उतरलेला असतो. आमच्याकडे मान वाढला की समजावं, भांडण दारात आलं.

हे सगळं घरात होतं तोवर निभावत होतं. पण मी ज्या वर्कशॉपमध्ये हिशेब लिहितो तिथल्या शेठनी एक जुनं जर्मन ग्राइंडिंग मशीन विकत घेतलं. ते बसवून द्यायला तिकडून एक इंजिनीअर येणार होता. दुभाष्याचा रोजाचा दर ऐकून शेठनी माझ्याकडे वळून बघितलं.

"तुमचा भाचा शिकतोय ना जर्मन?"

"शिकतोय. आलं नाहीये अजून."

"मग येईल की. वडापाव आणि चहा देऊ."

अशा रीतीने दोन देशांमधल्या संबंधांची जबाबदारी वडापावावर आमच्या भाच्याकडे आली.

इंजिनीअर आला. त्याने हात पुढे करून आडनाव सांगितलं. त्या आडनावात एका जागी इतकी व्यंजनं दाटीवाटीने उभी होती की कामगारांनी ते तिथेच सोडून दिलं आणि त्याचं नाव 'पाव्हणं' ठेवलं. आमचे मिस्त्री वर्कशॉपमधले सगळ्यात जुने. वय अठ्ठावन्न, पाव्हण्यापेक्षा निदान दहा वर्षांनी मोठे. मिस्त्रींनी आजवर कोणाला 'तुम्ही' म्हटलेलं नाही आणि शेठनाही "साहेब, तू बस, मी बघतो" अशा मिश्र पद्धतीने म्हणतात. ही पद्धत अडाणीपणाची आहे असं मी समजत होतो. पण भाचा म्हणतो, जर्मनीतल्या दुकानांत गल्ल्यावरच्या बाया एकमेकींना असंच आडनावाने हाक मारून पुढे 'डू' लावतात आणि त्याला तिकडे खास नावही आहे. म्हणजे मिस्त्री आंतरराष्ट्रीय निघाले.

"ये पाव्हण्या, बस. जेवला का?" मिस्त्री म्हणाले. सकाळचे साडेनऊ वाजले होते.

भाच्याने क्लासमधलं सगळं आदरार्थी व्याकरण पणाला लावून भाषांतर केलं. त्याने मला नंतर सांगितलं त्यावरून ते साधारण असं होतं : "महोदय, आपण कृपया आसनस्थ व्हावे. आपले भोजन झाले आहे काय?"

पाव्हण्याने घड्याळ बघितलं. मग भाच्याकडे बघितलं. मग पुन्हा घड्याळ बघितलं. "आत्ता कोणतं जेवण?" असा त्याचा प्रश्न होता. 'जेवला का' हा प्रश्न जेवणाबद्दल नसतो, हे सांगण्याइतकं जर्मन भाच्याला येत नव्हतं. तसं सांगण्याइतकं मराठी मलाही येत नाही.

मग चौकशी सुरू झाली. लग्न झालंय का? पोरं किती? मोठं काय करतं? घर स्वतःचं का भाड्याचं? आईवडील कोणाकडे असतात? पाव्हणा एकेका प्रश्नाला थोडं थांबून, कपाळाला आठ्या घालून, पण प्रामाणिकपणे उत्तर देत होता. शेवटी मिस्त्रींनी मुद्द्याला हात घातला.

"पगार किती?"

पाव्हणा कानापर्यंत लाल झाला. भाच्यामार्फत उत्तर आलं, "ते खासगी आहे."

"ते दिसतंयच," मिस्त्री म्हणाले. "सरकारी असता तर इथं कशाला आला असता? पण खासगीत देतात किती?"

याचं भाषांतर झालं नाही. भाच्याने मशीनचा कुठलातरी खटका विचारून विषय बदलला. पण मिस्त्रींच्या मनात तो आकडा अडकून राहिला. माणूस शेजारी उभा राहून काम करतो, आपल्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खातो आणि पगार सांगत नाही, म्हणजे काय माणूस म्हणायचं?

इंग्रजीत हा तू-तुम्हीचा प्रश्न येत नाही, असं आमच्या शेठचं मत. शेठना इंग्रजीचा अभिमान आहे. "इंग्रजीत सगळेच 'यू'! राजा असो की शिपाई. केवढी मोकळी भाषा!" भाच्याने तिथेही काडी घातली. त्याच्या क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं की इंग्रजीतला तू 'दाऊ' होता आणि 'यू' हा त्यांचा तुम्ही. हळूहळू तू बुडाला आणि तुम्ही तेवढा उरला. सतराव्या शतकात क्वेकर पंथाच्या लोकांनी न्यायाधीशासकट सगळ्यांना 'दाऊ' म्हणायचा हट्ट धरला, तर त्यांच्यावर लोक धावून गेले. म्हणजे इंग्रज माणूस आज बायकोला तुम्ही म्हणतो, पोराला तुम्ही म्हणतो आणि कुत्र्यालाही "तुम्ही सोफ्यावरून खाली उतरा" म्हणतो. शेठ त्या दिवशी जरा उदास होते.

माझा इंग्रजीशी संबंध फक्त पत्रव्यवहारापुरता. पण त्यातली जवळीक मला कधी झेपलेली नाही. ज्याने दोन वर्षं पैसे थकवले आहेत आणि फोन उचलत नाही, त्याला मी 'डिअर सर' लिहितो. त्याच्या डोक्यात पाना घालावा असं वाटत असताना खाली 'युअर्स फेथफुली' म्हणून सही ठोकतो. जन्मात बायकोला 'प्रिये' न म्हटलेला मी, थकबाकीदारांना दर महिन्याच्या पाच तारखेला 'प्रिय' म्हणतो. आणि ते मला उलट एक अक्षर लिहीत नाहीत. एकतर्फी प्रेम म्हणतात ते हेच.

जर्मन लोक या 'यू'वरून स्वतःचीच चेष्टा करतात. त्यांच्या एका बड्या पुढाऱ्याच्या नावावर एक विनोद खपवतात. इंग्रजी बोलणाऱ्या पाहुण्याशी खूप सूत जुळल्यावर पुढारी भारावून म्हणाला, "यू कॅन से यू टू मी." पाव्हण्याने हा विनोद चहाच्या सुट्टीत सांगितला आणि स्वतःच पोट धरून हसला. भाच्याने त्याचं मराठी केलं : "तुम्ही मला तुम्ही म्हणू शकता."

"मग यात हसायचं काय?" मिस्त्रींनी विचारलं. "मी नाही म्हणणार."

पाव्हणा मोकळा होऊ लागला तसं त्याने आणखी एक सांगितलं. तिकडे आल्प्सच्या डोंगरात रिवाज आहे, हजार मीटरच्या वर चढलं की कोणीही कोणालाही 'डू' म्हणायचं. वर झी-बी चालत नाही. खाली उतरलं की पुन्हा झी.

मिस्त्री हिशेबाला पक्के. "आपलं नगर किती मीटरवर?"

"साडेसहाशेच्या आसपास," मी म्हणालो.

"म्हणजे साडेतीनशे मीटरनं हुकलं," ते हळहळले. "याला म्हणावं, कळसूबाईला चल. अकोले तालुक्यात, आपल्याच जिल्ह्यात. सोळाशे शेहेचाळीस मीटर, महाराष्ट्रात त्याच्या वर काही नाही. वर जाऊ, मनसोक्त तू-तू करू, खाली येऊ." मग जरा थांबून म्हणाले, "पण मी त्याला पहिल्या दिवसापासून तूच म्हणतोय की. मग हा मला एवढा दबून का राहतो?"

भाचा एकदम बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या पायात चप्पल होती.

दुसरा घोटाळा माझ्या हातून नाही, माझ्या तोंडून झाला. सुटी होताना मी पाव्हण्याला म्हणालो, "या एकदा घरी." मराठीत या वाक्याचा अर्थ 'बरंय, येतो' एवढाच असतो. ज्याला म्हणतो तोही "येऊ की" म्हणतो आणि दोघंही निर्धास्त आपापल्या घरी जातात. पाव्हण्याने खिशातून डायरी काढली.

"मंगळवार? सात वाजता?"

मी 'हो हो' म्हणालो. 'हो हो' म्हणजे नाही, हेही त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मंगळवारी सातला बेल वाजली तेव्हा मी बनियन आणि पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर गच्चीतून वाळलेले पापड गोळा करून आणत होतो. दारात पाव्हणा, इस्त्रीचा शर्ट, हातात फुलं. ही फुलं बघून आई आतून ओरडली, "कोणाचं काय झालं गं?" आमच्याकडे फुलं घेऊन माणूस दोनच वेळा येतो आणि गणपती तर अजून लांब होते.

हिने मात्र कमाल केली. हातातलं हुलग्याचं पीठ तसंच ठेवून तिने त्याला सरळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट दिला. मी हॉलमधला सोफा दाखवत होतो, पण सोफ्यावर इस्त्रीचे कपडे, भाच्याच्या वह्या आणि शेजारच्यांचं मांजर होतं. पाव्हणा उंबऱ्यात बसून बघत राहिला. ही पिठाची लांब वळकटी तळहाताखाली फिरवायची, बोटाभोवती गुंडाळून टोक चिकटवायची आणि उकळत्या लसणाच्या पाण्यात सोडायची. एक शेंगोळं, दुसरं शेंगोळं, तिसरं. पाव्हण्याने भाच्यामार्फत परवानगी मागितली आणि स्वतः एक वळून बघितलं. त्याचा व्यास सगळीकडे सारखा होता. "मशीनवरचा माणूस," ही कौतुकाने म्हणाली. आई म्हणाली, "बाळा, हात धुतलेस का?"

'बाळा'चं जर्मन काय करावं, हे भाच्याला सुचलं नाही. त्याने 'महोदय' ठेवलं.

जेवताना शेजारच्या काकू वाटीभर साखर मागायच्या निमित्ताने येऊन पाव्हणा बघून गेल्या. मग त्यांची सून विरजण मागायला आली. मग समोरचे अण्णा आमचं मीटर चालू आहे ना ते बघायला आले. पाव्हण्याने विचारलं, "हे सगळे तुमचे मित्र आहेत?" भाच्याने सांगितलं की जर्मनीत मित्र म्हणजे 'फ्रॉइंड', ते आयुष्यात दोन-तीनच असतात. बाकीचे नुसते 'बेकांटे', म्हणजे ओळखीचे.

"मग यांना काय म्हणू?" मी विचारात पडलो. काकू मैत्रीण नाहीत. ओळखीच्या म्हणावं तर आमच्या डब्यात साखर किती आहे ते हिच्याआधी त्यांना माहीत. "शेजारी म्हण," मी म्हणालो, "आणि विषय वाढवू नको."

पाव्हण्याला नगर बघायचं होतं. शेठ गाडी देत होते, पण त्याला 'लोकांसारखं' जायचं होतं. म्हणून आम्ही त्याला नागापूरहून दिल्लीगेटला शेअर रिक्षाने नेलं. एडवर्ड हॉल नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९६६ साली माणसांमधली अंतरं मोजून मांडली : दीड फुटाच्या आत फक्त अगदी जिवाभावाची माणसं, चार फुटांपर्यंत मित्र, बारा फुटांपर्यंत कामापुरते लोक, त्यापलीकडे जनता. या हिशेबाने आमच्या रिक्षात सगळेच एकमेकांचे जिवलग होते. मिस्त्री ड्रायव्हरच्या अर्ध्या सीटवर. पाव्हण्याच्या मांडीवर कोणाचीतरी मेथीची जुडी आणि खांद्यावर एका आजोबांचं झोपलेलं डोकं. सीना नदीच्या पुलावर खड्डा आला तेव्हा हॉलसाहेबांची चारही अंतरं एकत्र झाली. आजोबा जागे झाले, पाव्हण्याकडे बघून "कुठलं गाव?" म्हणाले, उत्तराची वाट न बघता पुन्हा झोपले.

चौकात मोठा फ्लेक्स होता. वाढदिवसाचा. मध्ये कानाला मोबाइल लावलेले एक युवा नेते, वर 'हक्काचा माणूस', आणि खाली पासपोर्ट आकाराच्या चेहऱ्यांची शेती.

"हे कोण?" पाव्हण्याने विचारलं.

"मित्रमंडळ," भाचा म्हणाला.

"एवढे फ्रॉइंडे?" पाव्हण्याने बोटाने मोजायचा प्रयत्न केला. "हे सगळे त्याला ओळखतात?"

"फ्लेक्सवाल्याला ओळखतात," मिस्त्रींनी खुलासा केला.

पण पाव्हणाही काही कमी नव्हता. त्याने सांगितलं की ओटो नावाच्या त्यांच्या मोठ्या कंपनीच्या प्रमुखाने २०१६ साली आपल्या ५३,००० कर्मचाऱ्यांना एकदम 'मला डू म्हणा' असं कळवलं होतं. मिस्त्रींना हे फार आवडलं. "फ्लेक्स केवढा लागला असेल," ते म्हणाले.

भुईकोट किल्ला लष्कराच्या ताब्यात, म्हणून तो आम्ही खंदकाच्या अलीकडूनच दाखवला. गाइड अर्थात मिस्त्री. त्यांनी सांगितलं की १९४२ च्या ऑगस्टमध्ये काँग्रेसचे बारा पुढारी इथे आणून कोंडले. नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' इथेच लिहिलं. मौलाना आझाद पहाटे उठून एकटेच चहा प्यायचे आणि आपल्या एका मित्राला पत्र लिहायचे. पत्र बाहेर जाणार नाही हे माहीत असून लिहायचे. मायना प्रत्येक वेळी अदबीचा : 'सदीक-ए-मुकर्रम', म्हणजे आदरणीय मित्र. त्याचंच पुढे १९४६ साली 'गुबार-ए-खातिर' हे पुस्तक झालं.

पाव्हण्याचा चेहरा फुलला. "आमच्या गटे आणि शिलरचंही तसंच! १७९४ पासून शिलर जाईपर्यंत, म्हणजे १८०५ पर्यंत जिवलग मित्र. हजारएक पत्रं. आणि शेवटपर्यंत एकमेकांना झी."

मिस्त्री गंभीर झाले. "हजार पत्रं आणि तुम्ही-तुम्हीच? भांडण होतं का?"

मी आणखी माहिती म्हणून सांगितलं की पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात सापडलेल्या जर्मन लोकांना इंग्रजांनी नगरच्या छावणीत आणून ठेवलं होतं. पाव्हणा गप्प झाला. मिस्त्रींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "म्हणजे तुझी माणसं शंभर वर्षांपूर्वीच इथं राहून गेली! मग पाव्हणा कसला, सोयराच की तू." आमच्या जिल्ह्यात राजकारणापासून उसाच्या तोडीपर्यंत सगळं सोयऱ्याधायऱ्यांत चालतं. कोणाशीही पाच मिनिटं बोललं तर कुठलंतरी नातं निघतंच. जर्मनीशी निघायला तेवढी दहा लागली.

मशीन सुरू झालं. पहिल्या जॉबवरून मिस्त्रींनी अंगठा फिरवला आणि काही न बोलता चंची काढली. डाव्या तळहातावर तंबाखू, त्यावर नखभर चुना, उजव्या अंगठ्याने मळणं, मग दोन थापट्या आणि भुकटी फुंकून उरलेल्यातली अर्धी चिमूट पुढे. मिस्त्री ही चिमूट कोणालाही देत नाहीत. शेठनी एकदा मागितली तर "संपली" म्हणाले होते. पाव्हण्याने ती दोन बोटांत धरली, वास घेतला आणि अतिशय जपून शर्टाच्या खिशात ठेवली. मिस्त्रींनी तेही चालवून घेतलं.

जायच्या दिवशी पाव्हणा अस्वस्थ होता. त्याने भाच्याला बाजूला घेतलं आणि काहीतरी विचारलं. भाच्याचा चेहरा पडला. आम्ही खोदून विचारलं तेव्हा कळलं. पाव्हण्याचं म्हणणं असं : "मिस्त्री माझ्यापेक्षा मोठे आहेत. रीतीप्रमाणे डू म्हणायचं त्यांनी सुचवायला हवं. मी आल्या दिवसापासून वाट बघतोय. माझ्या हातून त्यांचा काही अपमान झाला का? ते मला अजून झीच म्हणतात."

"मी झी म्हणतो?" मिस्त्री कडाडले. "मी जन्मात कोणाला म्हटलेलं नाही!"

सगळ्यांच्या माना भाच्याकडे वळल्या. भाचा तोंडातल्या तोंडात म्हणाला, "क्लासमध्ये सांगितलंय, अनोळखी माणसाला झीच वापरायचं. परीक्षेत मार्क जातात."

म्हणजे मिस्त्री एवढे दिवस 'ये रे, बस रे, खा रे' करत होते आणि त्यातला एकही 'रे' पलीकडे पोचला नव्हता. सगळे भाच्याने वाटेत अडवून, इस्त्री करून, महोदय लावून पुढे पाठवले होते. पाव्हण्याला वाटत होतं, हा ज्येष्ठ कारागीर दरबारी भाषेत आपल्याला हाताच्या अंतरावर ठेवतोय. पगार मात्र विचारतोय.

"तो म्हणतो, तुम्ही आत्ता डू ऑफर करता का?" भाच्याने विचारलं.

"चहा ऑफर करतो, त्यात काय घालायचं ते घाल," मिस्त्री म्हणाले.

पाव्हणा लगेच उठला. त्यांच्याकडे याचाही विधी आहे. दोघांनी आपापला पेला धरायचा, कोपरात कोपर अडकवायचं आणि तसंच गुंतून प्यायचं. तिकडे बियर असते. इथे टपरीवरचा कटिंग होता, उकळता. मिस्त्री पावणेपाच फूट, पाव्हणा सहाच्या वर. कोपरं अडकली खरी, पण मिस्त्रींचा चहा पाव्हण्याच्या शर्टावर आणि पाव्हण्याचा मिस्त्रींच्या टोपीवर गेला. पाव्हण्याने भिजलेल्या अवस्थेत आपलं पहिलं नाव सांगितलं. ते अगदी सोपं, दोन अक्षरी होतं. एवढे दिवस ते लपवून का ठेवलं होतं, हे कोणाला समजलं नाही.

"आता मी डू झालो ना?" मिस्त्रींनी खात्री करून घेतली.

"या," पाव्हणा म्हणाला. जर्मनमध्ये 'या' म्हणजे हो. मिस्त्री आणखी जवळ सरकले.

"मग आता तरी सांग. पगार किती?"

पाव्हण्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग खाली वाकून त्याने मिस्त्रींच्या कानात आकडा सांगितला. भाच्याची गरजही लागली नाही. मिस्त्रींनी डोळे मिटले, मान डोलावली, त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळजी करू नको. इथून बाहेर जाणार नाही."

दुसऱ्या पाळीची माणसं आत आली तेव्हा त्यांना आकडा माहीत होता. संध्याकाळी बोल्हेगाव फाट्यावर दळणाच्या रांगेत मला तो ऐकू आला, तोवर दीडपट झाला होता. घरी आलो तर काकू साखरेची वाटी परत द्यायला आल्या होत्या आणि हिला सांगत होत्या की तिकडे कर किती कापतात.

मी मिस्त्रींना दुसऱ्या दिवशी विचारलं. त्यांना प्रश्नच कळला नाही.

"परक्याला नाही सांगितलं मी," ते म्हणाले. "आपल्या जवळच्या माणसांनाच सांगितलंय. तूच दाखव बरं, या नागापुरात लांबचं कोण आहे?"